जुन्या पिकअपला सेल्फ लागत नाही? आधी क्लच सेफ्टी स्विच तपासा

किल्ली फिरवली, डॅशबोर्डचे दिवे नीट लागले, हॉर्नही खणखणीत वाजतो, पण सेल्फ ढिम्म. टकटक नाही, घरघर नाही. मॅन्युअल गिअरच्या जुन्या पिकअपमध्ये हे लक्षण दिसलं की लोक सेल्फ खोलायला गाडीखाली शिरतात किंवा थेट नवी बॅटरी आणतात. त्याआधी टॉर्च घेऊन क्लच पेडलपाशी वाकून बघा. तिथला बोटाएवढा स्विच बंद पडला असेल तर सेल्फपर्यंत करंटच जात नाही. आणि खुद्द स्विच चांगला असून पेडलच त्याला नीट दाबत नाही, असंही पुष्कळदा निघतं. म्हणून नवा स्विच विकत घ्यायची पाळी तपासणीच्या शेवटी येते, सुरुवातीला नाही.

करंट कुठून कुठे जातो

क्लच स्विच म्हणजे प्लंजर (आत-बाहेर सरकणारा छोटा दांडा) असलेलं साधं बटण. पेडल तळापर्यंत गेलं की प्लंजर दाबला जातो, आतले पॉइंट जुळतात आणि किल्लीकडून आलेला स्टार्टचा करंट पुढे सरकतो. पेडल सोडलेलं असताना पॉइंट उघडे राहतात, म्हणून गिअरमध्ये उभी असलेली गाडी किल्ली फिरवताच पुढे उडी मारत नाही.

साधारण मार्ग असा: बॅटरी, मुख्य फ्यूज किंवा फ्यूजिबल लिंक (फ्यूजचं काम करणारी वायर), इग्निशन स्विच (किल्लीचा), क्लच स्विच आणि तिथून सेल्फचं सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला मुख्य करंट जोडून देणारा विद्युतचुंबक. काही गाड्यांत क्लच स्विच आणि सोलेनॉइड यांच्यामध्ये स्टार्टर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) असतो, काहींत नसतो. हा फरक आधीच समजून घ्या, कारण पुढचं सगळं गणित त्यावर बसलेलं आहे.

रिलेची कॉइल साधारण ८० ओहमची, म्हणजे ती जेमतेम ०.१५ अँपिअर ओढते. सोलेनॉइडची ओढ मात्र दांडगी असते. त्याचं वाइंडिंग ०.६ ओहमचं धरलं तर १२ व्होल्टला २० अँपिअर झाले. आता स्विचच्या पॉइंटवर कार्बन धरून ०.३ ओहमचा अडथळा तयार झाला असं समजा. रिले असलेल्या गाडीला तो जाणवणारसुद्धा नाही. थेट सोलेनॉइडला जोडलेल्या गाडीत मात्र करंट १३ अँपिअरवर येतो आणि सोलेनॉइडला १२ ऐवजी ८ व्होल्टच मिळतात. तेवढ्यावर सोलेनॉइडच्या आतला प्लंजर कधी ओढला जातो, कधी नाही. ‘चार वेळा किल्ली मारली की पाचव्यांदा लागते’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

तिसरी तऱ्हा म्हणजे स्विच अर्थच्या, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या निगेटिव्ह बाजूला. इथे किल्लीचा करंट आधी रिलेच्या कॉइलमध्ये जातो आणि क्लच स्विच त्या कॉइलला अर्थ देतो. अशा गाडीवर टेस्ट लॅम्प (करंट आहे का ते दाखवणारा बल्ब) वेगळं उत्तर देतो, ते पुढे येईल.

कुठला स्विच बघायचा

पेडलच्या आसपास दोन स्विच असू शकतात आणि चुकीचा स्विच बदलला जाण्याचं हेच मुख्य कारण. पेडल वर असताना जो दाबलेला असतो तो सहसा क्रूझ कंट्रोल (गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) किंवा इंजिनच्या कॉम्प्युटरसाठी असतो. पेडल पूर्ण खाली गेल्यावर जो दाबला जातो तो स्टार्टचा. हा नियम बहुतेक गाड्यांना लागू पडतो, सगळ्यांना नाही. शंका असेल तर वायरचे रंग गाडीच्या वायरिंग डायग्रामशी ताडून पाहा.

फोर्डच्या १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या रेंजरसारख्या पिकअपमध्ये स्विच क्लचच्या मास्टर सिलिंडरच्या (फ्लुइड ढकलणाऱ्या नळीच्या) पुशरॉडवरच, म्हणजे पेडलने ढकलल्या जाणाऱ्या दांड्यावरच, बसवलेला असतो आणि एकाच डबीत दोन-तीन वेगवेगळे सर्किट असतात: स्टार्ट, क्रूझ, कॉम्प्युटर. तिथे कपलरमध्ये (वायर जोडणाऱ्या प्लगमध्ये) बऱ्याच पिना दिसतील. स्टार्टची जोडी ओळखल्याशिवाय कुठल्याही दोन पिना आपसांत जोडू नका.

टोयोटाच्या जुन्या फोर-बाय-फोर पिकअपपैकी काहींत डॅशबोर्डवर ‘क्लच स्टार्ट कॅन्सल’ असं बटण आहे. चढावर किंवा खडकांत गाडी बंद पडली तर क्लच न दाबता, गिअरमध्येच सेल्फ मारता यावा म्हणून कंपनीनेच दिलेली ही सोय. दोष शोधायला ती फुकटची चाचणी ठरते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हॅन्डब्रेक ओढून बटण दाबा आणि किल्ली फिरवा. सेल्फ लागला तर दोष क्लच स्विचमध्ये, तो दाबणाऱ्या पेडलमध्ये किंवा त्याच्या वायरमध्येच आहे, बाकी सगळं ठीक.

हात घालण्याआधी

गाडी सपाट जागी, गिअर न्यूट्रलमध्ये, हॅन्डब्रेक घट्ट, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. तपासताना इंजिन अचानक सुरू होऊ नये म्हणून पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलचं कपलर काढा, डिझेल गाडीत पंपावरच्या फ्यूएल सोलेनॉइडची वायर. कोणी किल्ली फिरवत असताना गाडीखाली कोणी नको, चाकांसमोरही नको. स्टीअरिंगजवळ पिवळ्या आवरणातल्या वायर दिसल्या तर त्या एअरबॅगच्या, त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही.

लागणारं सामान थोडकं आहे: मल्टिमीटर, बल्बवाला टेस्ट लॅम्प, १२ आणि १४ चा पाना, टॉर्च, दोन चौरस मिलिमीटरची फूटभर वायर, फ्यूज होल्डर आणि किल्ली फिरवायला एक माणूस.

बॅटरीचं पाच मिनिटांत उरका. गाडी काही तास उभी असेल आणि मीटरवर १२.६ व्होल्ट असतील तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ असतील तरी या कामापुरती चालेल, १२ च्या आसपास असेल तर आधी चार्ज करा. त्यानंतर हेडलाइट लावून किल्ली स्टार्टवर धरा. प्रकाश एकदम मंदावला आणि टकटक ऐकू आली तर बॅटरी, तिचे लग किंवा सेल्फ यांच्याकडे वळा, क्लच स्विच निर्दोष आहे. प्रकाश जराही हलला नाही तर सेल्फला हुकूमच पोचलेला नाही. तेव्हा पुढे चला.

पेडल स्विचपर्यंत पोचतंय का

मीटर बाजूला ठेवा. सीट मागे सरकवून डोकं डॅशबोर्डखाली घाला आणि दुसऱ्याला पेडल सावकाश तळापर्यंत दाबायला सांगा. नजर प्लंजरवर. तो शेवटच्या टप्प्यात पूर्ण आत जायला हवा. अर्धवट जात असेल, तिरका दाबला जात असेल किंवा पेडलचा त्याला स्पर्शच होत नसेल तर बिघाड विजेचा नाही, यांत्रिक आहे. कारणं ठरलेली आहेत.

पहिलं आणि सगळ्यात फसवं कारण म्हणजे पॅड. पेडलच्या पट्टीला जिथे प्लंजर टेकतो तिथे बऱ्याच गाड्यांत एक भोक असतं आणि त्यात रबराचं किंवा प्लॅस्टिकचं छोटं बूच बसवलेलं असतं. वीस-तीस वर्षांत ते कडक होऊन भुगा होतं. मग प्लंजर थेट त्या भोकात शिरतो आणि पेडल कितीही दाबलं तरी दाबला जात नाही. पायाखालच्या मॅटवर पिवळट किंवा काळपट प्लॅस्टिकचे तुकडे सापडले तर निदान तिथेच झालं. नवं बूच बोटाने दाबून बसतं. ते मिळेपर्यंत भोकात बसेल असा आखूड बोल्ट, मोठा वॉशर आणि नट लावून काम भागतं. बोल्टचं डोकं सपाट असावं आणि ते मूळ बुचाच्या जाडीइतकंच पुढे यावं, नाहीतर प्लंजरवर जास्त दाब येऊन स्विच फुटतो.

दुसरं कारण पेडलचे बुश, म्हणजे पेडल ज्यांवर फिरतं त्या कड्या. पेडल हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहा. जाणवण्याइतकी खेळ असेल तर बुश झिजले आहेत. पेडल कलंडतं, प्लंजरच्या कडेला टेकतं आणि एखाद्या दिवशी लागतं, एखाद्या दिवशी नाही. पाय थोडा बाजूला रेटून दाबल्यावर सेल्फ लागत असेल तर इथेच शोधा. स्विच पुशरॉडवर असलेल्या गाड्यांत बुशची झीज आणखी नडते, कारण पेडलची चाल वाया जाते आणि रॉड पुरेसा सरकत नाही. नवा स्विच घालून तिथे काही साधत नाही, बुश बदलावे लागतात.

तिसरं कारण इतकं साधं की सांगायलाही संकोच वाटावा: मॅट. एकावर एक दोन मॅट टाकल्या किंवा जाड मॅट पुढे सरकली की पेडलची शेवटची सेंटिमीटरभर चाल जाते. ती काढून एकदा किल्ली फिरवा.

याशिवाय ब्रॅकेट वाकलेला असणं, स्विचचा चेकनट (स्विच जागेवर आवळून ठेवणारा नट) सैल होऊन स्विच मागे सरकलेला असणं, हेही डोळ्यांनीच कळतं. मास्टर सिलिंडर आतल्या बाजूने गळत असेल तर फ्लुइड पुशरॉडवरून ओघळत स्विच आणि कपलरमध्ये उतरतं. डॅशबोर्डखाली ओलसर, रंग उडालेला पत्रा दिसला तर आधी सिलिंडर नीट करा. ती गळती चालू ठेवून बसवलेला नवा स्विचही भिजून खराब होणार.

पेडल जागेवर आहे आणि प्लंजर पूर्ण दाबला जातोय, तर बोटाने प्लंजर तळापर्यंत दाबून धरा आणि किल्ली फिरवायला सांगा. बोटाने दाबल्यावर सेल्फ लागला आणि पायाने दाबल्यावर लागत नसला तर अॅडजस्टमेंट चुकली आहे, स्विच बदलू नका.

मीटर लावून तपासणी

कपलर जोडलेलाच ठेवा आणि मागच्या बाजूने, वायरच्या कडेने टोक आत सरकवा. वायरचं आवरण टोचून भोकं पाडू नका, पावसाळी ओल तिथून शिरते आणि आतलं तांबं हिरवं पडतं.

टेस्ट लॅम्पची चिमटी चांगल्या अर्थला लावा. किल्ली स्टार्टवर, पेडल वर. स्विचच्या एका पिनवर दिवा लागला पाहिजे, दुसऱ्यावर नाही. आता पेडल पूर्ण खाली, किल्ली स्टार्टवरच. दोन्ही पिनांवर दिवा तितक्याच तेजाने लागला पाहिजे.

एकाही पिनवर दिवा नाही तर करंट स्विचपर्यंत आलेलाच नाही. फ्यूज, फ्यूजिबल लिंक, इग्निशन स्विचचा स्टार्टचा पॉइंट या क्रमाने मागे जा. आणि नंतर बसवलेला चोर-अलार्म विसरू नका. हे अलार्म सेल्फची वायर नेमकी इथेच, डॅशबोर्डखाली कापून आपला रिले मध्ये घालतात, जोड टेपने गुंडाळलेले असतात आणि काही वर्षांनी ते सुटतात. कारखान्याच्या वायरिंगमध्ये नसलेल्या रंगाची वायर दिसली की तिचा माग काढा.

एका पिनवर दिवा आहे, पेडल दाबूनही दुसऱ्यावर येत नाही: स्विच गेला. दुसऱ्यावर येतो पण मंद: पॉइंट जळाले आहेत. दोन्हीवर झकास लागतो आणि सेल्फ तरीही गप्प: दोष पुढे आहे, म्हणजे रिले, सोलेनॉइडकडे जाणारी वायर, बॉनेटखालच्या भिंतीतलं मोठं कपलर किंवा खुद्द सोलेनॉइड.

स्विच अर्थच्या बाजूला असेल तर चित्र उलटं. पेडल वर असताना एका पिनवर मीटरला १२ व्होल्ट दिसतात, ते कॉइलमधून आलेले असतात. पेडल दाबल्यावर दोन्ही पिनांवर शून्याच्या जवळ आकडा यायला हवा. हे ठाऊक नसेल तर ‘पेडल दाबलं की करंट गायब होतो’ असं वाटून धडधाकट स्विच फेकला जातो. दाबूनही १२ तसेच राहिले तर मात्र स्विच किंवा त्याची अर्थ वायर तुटलेली. इथे बल्बचा लॅम्प वापरू नका, कॉइलमधून येणारा करंट त्याला पेटवायला पुरत नाही.

आता खरी कसोटी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, दोन्ही टोकं स्विचच्या दोन पिनांवर, कपलर जोडलेला, पेडल दाबलेलं, किल्ली स्टार्टवर. चांगल्या स्विचवर ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत आकडा येतो. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर पॉइंट झिजले. पूर्ण १२ दिसले तर स्विच उघडाच आहे, पण त्याबरोबर एक चांगली बातमीही कळते: स्विचच्या आधीचा आणि नंतरचा मार्ग शाबूत आहे, नाहीतर मीटरला दोन्ही टोकांत फरक दिसलाच नसता. शून्य आलं तर जपून. सेल्फ फिरत असताना शून्य आलं तर स्विच उत्तम. सेल्फ फिरत नसताना आलेल्या शून्याला काही अर्थ नाही, कारण पुढे कुठे वायर तुटली असेल तर करंटच वाहत नाही आणि करंट नसताना वाईट स्विचवरही व्होल्टेज पडत नाही.

स्विच काढून ओहममध्ये मोजण्यावर फार विसंबू नका. मीटरच्या वायरींचाच अडथळा ०.२ ते ०.४ ओहम असतो आणि मीटर जेमतेम मिलिअँपिअरभर करंट सोडतो. वर पाहिलेला ०.३ ओहमचा जळका पॉइंट त्या गोंधळात सहज लपतो. ‘बीप वाजला म्हणजे स्विच चांगला’ हा निष्कर्ष रिलेच्या गाडीत एकवेळ चालेल, थेट सोलेनॉइडच्या गाडीत नाही.

दोष येतो-जातो असा असेल तर पेडल दाबून, किल्ली स्टार्टवर धरून कपलर आणि पेडलजवळची वायरिंग हलवत राहा. पेडलबरोबर वाकणारी वायर आतून तुटलेली आणि वरून साबूत असू शकते. इंजिन तापल्यावरच सेल्फ रुसत असेल तर मोजमापही तापलेल्या अवस्थेतच घ्या. गरम सोलेनॉइडचा अडथळा वाढतो, त्याला आधीच कमी व्होल्ट मिळत असतील तर तो तेव्हाच हार मानतो.

तात्पुरती जोडणी आणि खात्री

दोन पिनांचा स्विच असेल तर कपलर काढून त्याच्या दोन खाचा फ्यूज लावलेल्या वायरने जोडा आणि किल्ली फिरवा. रिलेच्या गाडीत ५ अँपिअरचा फ्यूज पुरे, थेट सोलेनॉइडच्या गाडीत ३० चा. न्यूट्रल पुन्हा तपासा, आता पेडलची आडकाठी उरलेली नाही. सेल्फ लागला तर निदान पक्कं. वाटेत अडकला असाल तर असं करून घर गाठता येतं, पण ही वायर तिथेच कायम ठेवणं धोक्याचं. पहिल्या गिअरमध्ये उभी केलेली गाडी खिडकीतून हात घालून कोणी सुरू केली तर सेल्फच्या जोरावर ती समोरच्या माणसावर जाते.

बदलणं आणि बसवणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आट्यांचा स्विच असेल तर चेकनट सैल करण्याआधी किती आटे बाहेर आहेत ते मोजून ठेवा किंवा फोटो घ्या. नवा स्विच तितकाच आत घाला. मग पेडल दाबून पाहा: तळाला टेकण्याआधी साधारण १० ते २० मिलिमीटरवर पॉइंट जुळावेत, अशी जागा जुन्या गाडीत ठीक बसते. गाडीच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच धरा. प्लंजर पेडलच्या तळाशी पूर्ण ठेचला जाता कामा नये, एखादा मिलिमीटर चाल शिल्लक ठेवा. पेडल तळाशी अडलं पाहिजे ते स्वतःच्या स्टॉपवर, स्विचवर नव्हे. जुळलं की स्विच हाताने धरून चेकनट आवळा, नाहीतर आवळताना तो फिरतो आणि मेहनत वाया जाते. प्लॅस्टिकच्या बॉडीवर जोर लावू नका.

पुशरॉडवरच्या स्विचला चेकनट नसतो, क्लिप असते. ती जुन्या प्लॅस्टिकमुळे बहुधा तुटतेच, म्हणून नवी आधीच जवळ ठेवा आणि तिथला बुशही त्याच वेळी बदला. कपलरमधल्या पिना हिरव्या पडल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, सैल झालेली पिन बारीक चिमट्याने किंचित आवळून मग जोडा.

थेट सोलेनॉइडच्या गाडीत नवा स्विचही काही वर्षांनी जळणार. तिथे रिले बसवणं हाच टिकाऊ इलाज. १२ व्होल्ट, ४० अँपिअरचा साधा चार पिनांचा रिले घ्या. सोलेनॉइडकडे जाणारी मूळ वायर सेल्फजवळ सोडवून ८६ नंबरला जोडा, ८५ ला अर्थ द्या, ३० नंबरला बॅटरीवरून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून जाड वायर आणा आणि ८७ वरून नवी वायर सोलेनॉइडला. क्लच स्विचवर आता केवळ रिलेच्या कॉइलचा भार राहतो आणि सोलेनॉइडला बॅटरीचे जवळजवळ सगळे व्होल्ट मिळतात.

शेवटची चाचणी बॅटरीची वायर परत लावून, पण इग्निशन कॉइलचं कपलर किंवा डिझेल पंपाची वायर काढलेलीच ठेवून, न्यूट्रलमध्ये करा. पेडल न दाबता किल्ली फिरवली: सेल्फ लागता कामा नये. पेडल अर्धं दाबलं: तरीही नाही. पूर्ण दाबलं: दहापैकी दहा वेळा लागला पाहिजे. पेडल न दाबता सेल्फ लागत असेल तर स्विच जास्त आत बसवला आहे, प्लंजर अडकला आहे किंवा आधीच्या कोणीतरी वायर जोडून ठेवली आहे. टोयोटात कॅन्सल बटण दाबलेलं राहिलं नाही ना, तेही बघा. सगळं बरोबर आलं की इग्निशन कॉइलचं कपलर किंवा डिझेल पंपाची वायर परत लावा, इंजिन सुरू करा आणि क्रूझ कंट्रोल असेल तर रस्त्यावर एकदा क्लच दाबून ते सुटतं का ते तपासा. डॅशबोर्डखाली हात घालताना वरच्या स्विचला धक्का लागून तो सरकलेला असू शकतो.